अंगरख्याच्या बगलेत टेरिकॉट

आता विश्वास ठेवायचा तर कुणावर, सांगा बघू पावणं? कापड दुकानदारावर? मी सोताच कापड दुकानदार हाय, गंगावेशीत बावीस वर्षं शाळेचे गणवेश विकतोय, मीच सांगतो तुम्हाला, अजिबात ठेवू नका! मग टेपवर? टेप बिचारी खरं बोलती की, पण ती बोलती आजचं, आणि पोरगं वाढतंय उद्या, मग लबाड कोण, टेप का पोरगं? बायकोवर ठेवा म्हणाल... तर आमची बायको परवापर्यंत दोन वर्षं सांगत हुती, "झालंच ओ, एक बाही राहिलीय फक्त." एक बाही! दोन वर्षं! तेवढ्यात कळंब्यात आमच्या घरासमोर तीन मजली बिल्डिंग उठली, तिच्यात माणसं राहायला आली, पार्किंगवरनं भांडली, एकमेकांच्या पोरींच्या लग्नात जेवूनबी आली... आणि हिची बाही आपली राहिलेलीच!

तुम्हाला सांगतो, मी दमलोय. म्हणजे शिवती ती, दमतो मी. तिला इचारलं तर म्हणती, "दमायला वेळ कुठाय मला?"

वर्षाराणी नाव तिचं. माहेर मलकापूर, रत्नागिरी रोडवरचं. लग्नात तिच्या वडलांनी मला बाजूला घेऊन सांगितलतं, "सयाजीराव, पोरगी शांत हाय, एका जागी बसली की काम फत्ते करून उठती." खरं हुतं ते. फक्त आमच्या घरात ती एक जागा काय तिला घावली न्हाय अजून.

तर तिला नाद हाय जुन्या काळातली लहान पोरांची कापडं शिवायचा. आता तुम्ही म्हणणार, म्हणजे फॅन्सी ड्रेस काय... श्शू! हळू! एकदा दुकानात एका गिऱ्हाइकानं इचारलं, "वहिनी फॅन्सी ड्रेस करतात म्हणं?" तर हिनं त्याच्याकडं असं बघितलं, असं बघितलं, की तो बिचारा भीतीनं दोन चड्ड्या जास्तीच्या घेऊन गेला. फॅन्सी ड्रेस म्हणजे काय, सॅटिनचं कापड, मागं चिकटपट्टी, वर गोंदानं लावलेली लेस, पोरगं स्टेजवर जातंय, दोन वाक्यं बोलतंय, तिसरं इसरतंय, रडतंय, बक्षिसाची कंपासपेटी घेऊन घरी! हिचं तसलं न्हाय. हिचं म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी ह्या मुलखातल्या एखाद्या आईनं सोताच्या पोराला जसं शिवलं असंल, तसंच्या तसं. हातमागाचं कापड, हातशिलाई. मशीन न्हाय, चेन न्हाय, इलॅस्टिक न्हाय, बटण तर नावालाबी न्हाय, सगळे बंद बांधायचे. मी म्हणलं, अगं आतली शिवण कोण उलटी करून बघणार हाय? म्हणली, "मी बघणार हाय." मी म्हणलं, दोनशे वर्षांपूर्वीचं पोरगं काय अंगरखा मागायला येतंय व्हय आता, म्हातारं होऊन गेलं बी असंल ते! म्हणली, "त्याच्यासाठी कोण शिवतंय? आपल्या धैर्यासाठी शिवायचं हाय."

धैर्या म्हणजे धैर्यशील, आमचं धाकटं. नऊ वर्षांचं. थोरली स्वप्नाली, दहावीला हाय, ती आता घरात असती पण दिसत न्हाय, खोलीचं दार तेवढं दिसतंय. आणि आमची आई, बयाबाई, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासनं पलंगावर बसून सगळं घर चालवती. तोंडानं.

तर हा नाद लागला कसा? आधी तिला छंद कमी हुते असं न्हाय. गच्चीवर निवडुंग लावलते, छप्पन कुंड्या, आईला काटा टोचला, निवडुंग गेले. मग हार्मोनियम शिकायला लागली, स्वप्नालीची परीक्षा आली, हार्मोनियम कपाटावर गेली, तिच्यावर आता पापडाचा डबा असतोय. मग बिनअंड्याचा केक... त्यावर आपण बोलायला नको, मी खाल्लाय तो. मी म्हणलं, एकेक छंद येतोय आणि जातोय, बरं हाय, घरात खेळती हवा राहती. पण एका उन्हाळ्यात आम्ही गेलतो सगळी एका वस्तुसंग्रहालयात, धैर्या तवा वर्षाचा, कडेवर, आणि तिथं काचेच्या कपाटात हुता एक बारका अंगरखा. एवढासा! दोन-तीन वर्षांच्या पोराचा. आणि ही तिथंच थांबली. आम्ही तलवारी बघितल्या, तोफा बघितल्या, बाहेर जाऊन उसाचा रस पिऊन आलो, ही आपली काचेला नाक लावून उभी. तिथला शिपाई म्हणतोय, "ओ बाई, नाक काढा, काच पुसलीय सकाळी." ह्या बाईनं नाक न काढता टाके मोजले, बंद मोजले, सात हुते, आणि मग एकच तक्रार केली, "बाकी सगळं ब्येस हाय ओ, पण डाव्या बगलेत कुणीतरी भलत्याच कापडाचा तुकडा लावलाय. मागनं कुणाच्या तरी हातनं वाटोळं झालंय." रिक्षात कळंब्यापर्यंत त्या तुकड्याचाच शोक. रिक्षावाल्याला वाटलं घरातलं कोणतरी गेलं, त्यानं मीटरवर दोन रुपये कमी घेतले.

तवापास्नं जे सुरू झालं ते झालंच. पहिली कुंची शिवली, कुंची म्हणजे ती बारक्या बाळाची डोक्यापास्नं पाठीवर सोडायची टोपी, खणाची, अस्तर लावून. धैर्यासाठी घेतली शिवायला, ते तवा वर्ष-सवा वर्षाचं. पुरी झाली तवा धैर्या बालवाडीत. डोकं आत जाईना! हिनं ओढली, त्यानं बोंब ठोकली, शेवटी कशी दिसती ते तरी बघू म्हणून कलिंगडावर घालून बघितली. कलिंगडाला झ्याक दिसली हो, खोटं सांगत न्हाय. पण पोर थांबतंय व्हय!

मग स्वप्नालीला परकर-पोलकं. माप घेतलं चौथीत, शिवून झालं सातवीत. स्वप्नाली पोलकं हातात धरून म्हणली, "मम्मी, ह्यात माझा एक हात जातोय, दुसरा कुठं ठेवू?" ते गेलं तिच्या मामेबहिणीला, मलकापूरला. मग धैर्यासाठी बंडी, ती पुरी झाली आणि बसली कुणाला, तर दूधवाल्याच्या नातवाला, आदर्शला. बरं, आदर्शला बसली म्हणजे काय बसली, अशी बसली जशी त्याच्यासाठीच शिवलीय! दूधवाला म्हणतोय, "वहिनी, आमच्या नातवाचं माप तुम्ही कवा घेतलंसा?" आणि ही हसून म्हणली, "अंदाजानं." हसली खरी. पण मी बावीस वर्षं गल्ल्यावर बसलोय पावणं, माणूस कापड हातात घेऊन परत ठेवतंय तवा कसं हसतंय ते मला कळतंय.

तिच्या मोबाईलवर फोटो हायत सगळे. कुंचीतलं कलिंगड, पोलक्यातली भाची, बंडीतला आदर्श. सगळी लोकांची पोरं. एक दिवशी भाकरी थापता थापता म्हणली, "अवो, एकदा तरी माझ्या पोराच्या अंगावर बघायचंय मला. एकदा. धैर्या आता नऊचा झाला, अजून दोन वर्षांनी आईनं दिलेला रुमालबी घेणार न्हाय. हा अंगरखा शेवटचा. हा त्याच्याच अंगावर चढणार." मी म्हणलं, चढंल की! उचल सुई! मी काय, बोलायला काय जातंय माझं?

आता तुम्ही इचारणार, पावणं, एवढा उशीर लागतोय कशानं? बाई आळशी हाय काय? अवो, पहाटे साडेपाचला उठती! चार डबे, आईची पथ्याची भाकरी, माझा चहा, धैर्याचा हरवलेला बूट, स्वप्नालीचं "मला नकोय नाश्ता" आणि मग दहा मिनिटांनी "खायला काय हाय?" हे सगळं उरकून तिला वेळ मिळतोय दुपारी दोन ते तीन. एक तास. ती बसती खिडकीपाशी, कापड मांडीवर घेती, बोटाला अंगुस्तान चढवती, सुईत दोरा ओवती, पहिला टाका घालती... टिंग टाँग! पार्सलवाला. समोरच्या बिल्डिंगीचं पार्सल, ते घरात न्हायत, तुम्ही घ्या. घेतलं. परत बसली, दुसरा टाका... "वर्षे ए, माझा चष्मा कुठाय गं?" "तुमच्या डोक्यावर हाय, आई." "व्हय की!" तिसरा टाका... "वर्षे, आता डोक्यावर कशाला ठेवलाय गं मी?" चौथा टाका... फोन! कुणाचा? माझाच! "अगं, इमर्जन्सी हाय, कपाटातली ती निळी फाईल बघ जरा." तीन वाजले. पोरं आली. कापडाची घडी, पिशवी, पिशवी कपाटात. दिवसाला चार टाके, आणि अंगरख्याला लागतात हजारो. कळ्या जोडा, बगला जोडा, गळा वळवा, बंद वळा. आणि पोर थांबतंय व्हय!

आणि आता जे सांगतो ते ऐकताना माझ्याकडं असं बघू नका. आमच्या धंद्यात एक रीत हाय, वाढत्या मापाची. शाळेची चड्डी कुणी अंगाबरोबर घेत न्हाय. एकदा शाहूवाडीकडचे एक पावणे आलते, हंबीरराव म्हणून, पोरगं पाचवीत. मी माप घेतलं, चोवीस. म्हणलं, अठ्ठावीस घ्या. म्हणले, "चार इंच कशापायी ओ?" मी म्हणलं, हंबीरराव, पोर काय थांबतंय व्हय! म्हणले, "ह्ये मातर खरं." नेली. ते पोरगं त्या चड्डीत पाचवीपास्नं नववीपर्यंत राहिलं, पाचवीत तिला चड्डी म्हणायचं का तंबू हा प्रश्न हुता, आठवीत कुठं ती मापात आली, आणि नववीत फाटली. हंबीरराव अजून रस्त्यात भेटले की हात जोडतात. आता चार इंच मोठी चड्डी आज घालायची कशी? तर खालनं दुमडायची, हातशिलाई मारायची, दरवर्षी एक घडी उसवायची. म्हणून मी दुकानावर बोर्डच लावला मोठ्ठा, "वाढतं माप मिळेल. दुमड फुकट!" पब्लिक तुटून पडलं. जूनमध्ये रांग महाद्वारच्या दिशेनं वळती, खोटं वाटलं तर येऊन बघा.

आणि ही फुकटची दुमड मारायची कुणी? एक शिंपी हुता, तो गेला पुण्याला. मी घरी आलो, म्हणलं, वर्षा, दोन-चार दिस जरा बघशील काय, नवीन माणूस बघतोय मी. नऊ वर्षं झाली, बघतोयच अजून. जून-जुलै आला की पोत्यानं चड्ड्या घरी. आणि दुपारी दोन ते तीन खिडकीपाशी बसून ही दुमड मारती, लोकांच्या पोरांना वाढायला जागा करून देती... आणि तिकडं कपाटात पिशवीत अंगरखा. म्हणलं की, बघू नका असं माझ्याकडं. मला बी आत्ता बोलता बोलताच ऐकू आलं ते.

असो. तर ह्या वर्षी काय झालं, शिवलीला मॅडम म्हणून एक बाई हायत, गडहिंग्लजकडच्या, कानडी हेलाच्या, जुन्या कापडांच्या लई जाणकार, त्यांनी राजारामपुरीत एका हॉलमध्ये प्रदर्शन ठरवलं, जुनी बालवस्त्रं नव्यानं शिवलेली, आणि अट काय, पुतळ्यावर न्हाय, जिवंत पोरांच्या अंगावर. हिचा बंडीचा फोटो कुणीतरी दाखवला त्यांना, तर फोन आला, "वर्षा अक्का, तुमचा अंगरखा पायजे बघा. पण तेरिकॉट गिरिकॉट नको हं, भेसळ मला चालत इल्ला." ही म्हणली, "न्हाय मॅडम, सगळं हातमागाचं." तारीख पडली. आणि पावणं, बायकोत एवढा फरक मी कधी बघितला न्हाय! बेल वाजली तरी उठंना. आई चष्मा म्हणली तर म्हणती, "डोक्यावर." भाजीत मीठ न्हाय, आम्ही गप खातोय. आणि आठ दिवस आधी... झाली! बाही झाली! दुसरी! ती! दोन वर्षांची! आम्ही पेढे आणले कंदी, शप्पथ.

रविवार, सकाळचे दहा. धैर्याला उभं केलं मधल्या खोलीत. अंगरखा घातला. तो म्हणतोय, "मम्मी, हात खाली येईना." म्हणजे कसं? तर बगलेत अडकला. छातीवर पुढचं पान दुसऱ्या बाजूला जाऊन बंद बांधायचा, तर मधी ही एवढी फट. हिनं टेप लावली. दीड इंच कमी. परत लावली. दीड इंच. वहीतलं माप बघितलं, दोन वर्षांपूर्वीचं, अंगरख्याला वाढतं माप शोभत न्हाय म्हणून अंगाबरोबर घेतलेलं, बरोबर हुतं. कापड बरोबर, शिवण बरोबर, माप बरोबर... चुकलं फक्त पोरगं.

ती बसली खाली. फरशीवर. टेप गुंडाळायला लागली.

मग आम्ही बोललो! आमच्या घरात गप कोण बसतंय? आई म्हणली, "सया, पोराला आठ दिस रात्रीचं जेवाण बंद कर, उतरतंय दीड इंच." स्वप्नाली खोलीतनं बाहेर आली, म्हणजे बघा प्रसंग केवढा, म्हणली, "मागनं पिना लावा, फोटोत कोण बघतंय?" धैर्या म्हणतोय, "मी श्वास सोडून उभा राहतो मम्मी, हे बघ, हे बघ," आणि लाल झालं ते पोरगं टोमॅटोगत. मी म्हणलं, आदर्शला बोलवू काय, दूधवाल्याच्या? त्याला बसतोय हा, मी नजरेनं सांगतो... तर तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाय हो. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं बघितलं. "न्हेऊन द्या त्याला," म्हणली. "त्यालाच बसणार. मला ठावंच हुतं."

आणि अंगरख्याची घडी घालायला घेतली. बाही आत दुमडली, बगल वर आली, आणि बगलेवर तिचा हात थांबला. एकदम. अशी बघत बसली त्या बगलेकडं, दोन मिनिटं, तीन मिनिटं, आणि मग, तुम्हाला सांगतो, हसायलाच लागली. आई म्हणली, "सया, हिला पाणी दे." ही हसती आणि म्हणती, "अवो, त्या बाईचं पोरगंबी वाढलं हुतं!" कुठल्या बाईचं? "काचेतल्या अंगरख्याच्या! तो तुकडा मागनं कुणी लावलेला न्हाय ओ, तिनंच लावलाय! तिलाबी उशीर झालाता! तिच्याबी घरात कोणतरी चष्मा मागत असणार!" आई म्हणली, "तवा कुठलं गं चष्मं?" पण ऐकतंय कोण? आठ वर्षं ज्या तुकड्याचा शोक केला, तो तुकडा आता सख्ख्या बहिणीगत वाटायला लागला तिला. दोनशे वर्षांपूर्वीची कोण कुठली बाई, नाव न्हाय, गाव न्हाय, तिच्याबी हातनं वेळेत झालं न्हाय... आणि तिनं काय केलं? बगल उसवली, घरात जे कापड हुतं ते घातलं, आणि पोराला चढवला अंगरखा!

मग काय, हिनं उसवली बगल. दोन्ही. आता जोड घालायला कापड? हातमागाचं संपलेलं, विणकर म्हणतोय महिन्यानं देतो. हिनं दुमडीच्या पोत्यात हात घातला, आणि काढला एक तुकडा. निळ्या-पांढऱ्या चौकडीचा. शाळेचं शर्टिंग. माझ्या दुकानातलं! मी ओरडलोच, अगं टेरिकॉट? दोनशे वर्षांपूर्वीच्या अंगरख्याला टेरिकॉट? त्या मॅडम हॉलमधनं हाकलून काढतील आपल्याला! तर दातानं दोरा तोडत म्हणली, "तिच्या घरात जे हुतं ते तिनं लावलं. माझ्या घरात तुमचं टेरिकॉट हाय, मी काय करू?"

मी पोत्यातनं त्याच चौकडीचा आणखी एक तुकडा काढून दिला, दुसऱ्या बगलेला. 

प्रदर्शनाच्या दिवशी धैर्याला एकच गोष्ट पढवून नेली, "बाळा, काय बी होऊ दे, हात वर करायचा न्हाय." हॉल गच्च भरलेला. लाकडी चौरंगावर उभा केला त्याला, अंगरखा, सुरवार, सात बंद बांधलेले, हात खाली चिकटवलेले. शिवलीला मॅडम आल्या, बाहीची शिवण बोटानं चाचपली, म्हणल्या, "अय्यो, काय टाका हाय अक्का तुमचा!" आणि वर्षाराणी... ती मागं मागं सरकत गेली, माणसांतनं वाट काढत, पार शेवटच्या भिंतीला जाऊन टेकली, सगळा पोरगा एका नजरेत दिसंल एवढ्या लांब. दोन्ही हात मोकळे. पिशवी न्हाय, सुई न्हाय, पोळपाट न्हाय, कुणाचा डबा न्हाय. लग्नाला सतरा वर्षं झाली, बायकोचे दोन्ही हात एकदम मोकळे मी पहिल्यांदा बघितले. मी घड्याळ बघितलं, सवय हाय मला. अकरा मिनिटं उभी हुती ती तशी.

बाराव्या मिनिटाला धैर्याला लागली.

आता शाळेत काय शिकवलंय पोरांना? लागली की काय करायचं? हात वर, करंगळी बाहेर! पोरगं शिस्तीचं हो आमचं! सगळ्या हॉलसमोर, चौरंगावर, ताठ, हात सरळ आभाळात, करंगळी वर... आणि बगलेतनं निळी-पांढरी चौकडी अशी झळकली की काय सांगू! पहिल्या रांगेतल्या एक बाई किंचाळल्या, "अगं, ही तर आमच्या पिंट्याच्या शाळेची चौकडी!" हॉल हसायला लागला. शिवलीला मॅडमनी चष्मा घातला, जवळ आल्या, बगलेत वाकून बघितलं, बोटानं कापड चोळलं. "तेरिकॉट!"  धैर्याचा हात वरच, करंगळी वरच, पाय एकमेकांत अडकवलेले. मी पुढं झालो, धंद्यात चाळीस सबबी तयार असतात माझ्याकडं, एक काढणार एवढ्यात भिंतीपास्नं वर्षाराणीचा आवाज आला, "पोरगं वाढलं, मॅडम."

एवढंच. दुसरं काय न्हाय.

मॅडम तिच्याकडं बघत राहिल्या. परत बगलेकडं बघितलं. मग म्हणल्या, "हूं... वाढतंयच की. मग हे लपवून कशाला ठेवलाय? कार्डावर लिवा सरळ, जोड कशाचा, कशापायी, सगळं लिवा." आणि एक कार्ड पुढं केलं. पण ही घेणार कधी? ही धैर्याला उचलून पळालीती! सात बंद, वर सुरवारीची नाडी, तिला निरगाठ, आणि पोरगं नाचतंय! पळता पळता ओरडली, "अवो, तुम्हीच लिवा!"

बसलो लिहायला. कापड, हातमाग. शिलाई, हाताची. जोड, टेरिकॉट, पोरगं वाढलं म्हणून. आणि शेवटची ओळ, "लागलेले तास." आता तासांचं काय? हिशेब तर माझा पक्का, आठवी नापास असलो तरी. दोन वर्षं, रोज दुपारी दोन ते तीन, म्हणजे सातशे तीस तास. त्यातनं दोन्ही वर्षांचे जून-जुलै वजा, दुमडीचे. गणपती वजा, दिवाळीचा फराळ वजा. आईचा गुडघा, तीन महिने वजा. स्वप्नालीच्या परीक्षा, धैर्याचा ताप, माझ्याकडचे पावणे, तिच्याकडचे पावणे, वजा. राहिले दोनशे दिवस. त्या दोनशे दिवसांतल्या तासातनं बेल वजा, चष्मा वजा, माझी निळी फाईल वजा, म्हणजे दिवसाला वीस मिनिटं. उत्तर आलं सहासष्ट. मी परत केला हिशेब, चुकला असंल म्हणून. सहासष्टच! दोन वर्षांत ह्या बाईला तिचे सोताचे म्हणून सहासष्ट तास मिळाले, आणि सगळेच्या सगळे तिनं पोराच्या अंगावर घातले. पेन हातात, मागं माणसं उभी, मॅडम उभ्या... आणि मी लिहिलं चारशे. लाज वाटली हो. चारशे तरी असायला नकोत?

ती आली धैर्याला घेऊन, अर्धे बंद सुटलेले. कार्ड वाचलं तिनं. माझ्याकडं बघितलं. "चारशे?"

मी म्हणलं, "अंदाजे."

"चारशे मला कुणी दिले?" म्हणली, आणि खाली बसून पोराचे बंद बांधायला लागली.

हे झालं त्याला तीन आठवडे झाले. काल परत घालून बघितला धैर्याला, तर बाही मनगटाच्या वर. पोर थांबतंय व्हय! आता हा थेट नातवालाच बसंल म्हणून मी चेष्टा केली, तर हसली न्हाय, म्हणली, "नातवाचं आत्तापास्नं घेते शिवायला." आणि कार्ड? ते मॅडमनी तसंच फाईलला लावलंय, चारशे. फोन करून खोडा म्हणावं असं रोज वाटतंय, रोज गिऱ्हाईक येतंय. तर पावणं, तुमच्याबी घरात एखादी बाई खिडकीपाशी दोन टाके घालून उठत असंल, तिचा हिशेब तुम्ही तेवढा खरा लिवा. वजाबाकी करताना लाज वाटली तरी लिवा. माझ्याच्यानं काय झालं न्हाय.